नेम कुठून धरायचा? पहिल्या रायफलची माशी, पीप आणि दुर्बीण

दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो, ठाऊक आहे? अर्धा मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याच्या साधारण निम्मा. आणि माणसाच्या निरोगी डोळ्याला दहा मीटरवरून तीनेक मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. तो ठिपका नीट दिसायला हवा तर निशाणापासून पावणेदोन मीटरवर जाऊन उभं राहावं लागेल. म्हणजे जगज्जेत्यालाही आपला दहा दिसत नसतो! तरी तो लागतो, पुन्हा पुन्हा लागतो आणि तेही दुर्बिणीशिवाय. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण लावायला परवानगीच नाही.

आमच्या वडगाव निंबाळकरात, किंवा खाली बारामती-इंदापूरकडे, एखादं पोरगं एअर रायफल घ्यायचं म्हणालं की पहिला प्रश्न हमखास येतो, "दुर्बीण कुठली लावू?" सिनेमात, मोबाइलवरच्या खेळात बंदुकीवर दुर्बीण असतेच, म्हणून हा प्रश्न. माझं सरळ मत सांगतो. पहिलं वर्ष दुर्बिणीशिवाय काढा. डोळा घडतो तो माशीवर आणि पीपवर. का, ते पुढे येईलच. आणि त्या वाटेवर इतक्या मजेच्या गोष्टी आहेत की सगळ्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शिस्त आणि नेम

मराठीत नेम धरणे याला जुना शब्द आहे, शिस्त धरणे. बंदुकीची शिस्त धरली, म्हणजे ती लक्ष्यावर रोखली. तीच शिस्त शाळेतही असते. आणि 'नेम'ही तसाच दुहेरी. नेम चुकला असंही म्हणतो आणि आजीचा नेम चुकत नाही असंही म्हणतो, तेव्हा तो उपासाचा असतो. नेम धरण्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आणि दोन्हींच्या पोटात रोजची सवय. नेमबाजांना हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यांचा बराचसा सराव छर्रा न भरता, नुसता चाप ओढून होतो.

माशी कशाला म्हणतात?

नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, ती माशी. टोकावर बसल्यासारखी दिसते म्हणून हे नाव. मागे, डोळ्याकडच्या बाजूला खाच असते. खाचेच्या मधोमध माशी, माशीच्या डोक्याला डोकं टेकवून निशाण. झाली साधी साइट, म्हणजे ओपन साइट. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक एअर रायफल याच साइटसह येतात.

ही साइट दिसते सोपी, पण डोळ्याला तिहेरी काम लावते. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे, निशाण दहा मीटरवर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट स्थिरावतो. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं अशक्य. मग स्पष्ट काय ठेवायचं? नवशिके हटकून निशाण ठेवतात. बरोबर उत्तर आहे माशी. निशाण थोडं धूसर झालं तरी चालतं, कारण धूसर गोलाचाही मध्य डोळा चांगला ओळखतो. माशी धूसर झाली तर ती कुठे सरकली हेच कळत नाही.

एक हिशोब बघा. माशी आणि खाच यांत ४५ सेंटिमीटर अंतर आहे आणि माशी खाचेत फक्त ०.१ मिलिमीटरने, कागदाच्या जाडीएवढी, एका बाजूला सरकली. दहा मीटरवर छर्रा २.२ मिलिमीटर बाजूला जातो. हेच अंतर ७० सेंटिमीटर केलं तर चूक १.४ वर येते. स्पर्धेतल्या एअर रायफलच्या नळीपुढे एक पोकळ नळकांडं जोडून माशी आणखी पुढे नेतात ते बहुतेक याचसाठी. छर्रा आधीच सुटलेला असतो, नळकांडं काम करतं डोळ्यासाठी.

चाळिशी आणि काजळी

डोळ्यांचं भिंग चाळिशीनंतर कडक होत जातं, जवळचं धूसर होतं. मराठीने तर चष्म्यालाच चाळिशी म्हटलं आहे. ओपन साइटवर याचा फटका थेट बसतो. खाच आणि माशी दोन्ही मऊ, लोकरीसारख्या दिसायला लागतात. पन्नाशीतले काका म्हणतात, "माझा हात आता हलतो." हात तेवढाच असतो, माशी दिसेनाशी झालेली असते.

दुसरा छुपा शत्रू ऊन. डावीकडून ऊन आलं की माशीची डावी कड चमकते, डोळा त्या चमकेलाच माशी समजतो आणि छर्रा उजवीकडे जातो. जुने नेमबाज यावर दिव्याची काजळी धरत. माशी ज्योतीवर धरून काळी करायची, की चमक गेली. देवघरातली काजळी नेमबाजीत कामाला येते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

झरोक्याची करामत

आता पीप. मागच्या खाचेच्या जागी धातूची चकती, तिच्यात एक-सव्वा मिलिमीटरचं भोक. डोळा त्या भोकाजवळ न्यायचा, बाहेर बघायचं. पुढे माशीच्या जागी एक गोल कडं. कड्यात निशाणाचा काळा गोल बसवायचा. संपलं.

बारीक भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, कारण डोळ्यात फक्त मधले, सरळ येणारे किरण शिरतात. आता लगेच करून बघा. पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडा, चष्मा काढा, भोक डोळ्याला लावून समोरचं कॅलेंडर वाचा. तारखा दिसायला लागतील. पन्नाशीच्या काकांची माशी या भोकातून परत येते.

याच भोकाची दुसरी करामत रोज आपल्या पायांखाली असते. लिंबाच्या झाडाखाली दुपारी जमिनीवर उन्हाचे गोल गोल कवडसे पडतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण कवडसे गोल, कारण प्रत्येक कवडसा सूर्याची प्रतिमा असतो. ग्रहणाच्या दिवशी हेच कवडसे चंद्रकोरी होतात.

आणि डोळा भोकाच्या अगदी मधोमध आहे की नाही हे बघत बसावं लागत नाही. गोल भोकात गोल कडं, कड्यात गोल निशाण. गोलात गोल मध्यभागी बसवणं डोळ्याला आपोआप जमतं. ओवाळणीच्या ताटात निरांजन मधोमध ठेवायला कुणी पट्टी घेऊन बसत नाही, तसंच. न दिसणारा दहा लागतो तो असा. नेमबाज ठिपक्याकडे बघतच नाही, वर्तुळाभोवतीची पांढरी कड सगळीकडून सारखी आहे ना, एवढंच बघतो.

ती पांढरी कड केवढी हवी?

इथे नवशिके घसरतात, म्हणून जरा थांबतो. दहा मीटरच्या निशाणाचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. माशीच्या अंतरावर तो डोळ्याला जेमतेम अडीच मिलिमीटरचा भासतो. मग कडं तीनचं घ्यावं, म्हणजे गच्च बसेल, असं वाटतं. गच्च कड्याने उलटंच होतं. पांढरी कड इतकी बारीक होते की हातातलं प्रत्येक स्पंदन त्यात वादळासारखं दिसतं, नेमबाज घाबरतो, चाप लांबवतो, श्वास संपतो, डोळा थकतो. म्हणून बहुतेक प्रशिक्षक सुरुवातीला साडेतीन-चार मिलिमीटरच्या आसपासचं, किंवा त्याहून थोडं मोठंच कडं देतात. कडं मोकळं, मन मोकळं. महागडी साइट घेण्याआधी वेगवेगळ्या मापांची चार कडी घ्या. खर्च थोडा आणि फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

दुर्बिणीविना जग जिंकलेले आपलेच लोक

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पन्नास मीटरवरचा दहा असतो १०.४ मिलिमीटरचा, टपोऱ्या हरभऱ्याएवढा. पीप साइटमधून. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून.

थ्री पोझिशनमधली साइटची गंमत अशी, की बसलेल्या माणसाची मान, झोपलेल्याची मान आणि उभ्याची मान यांत फरक असतो. त्यामुळे डोळा दस्त्यावर दर वेळी थोड्या वेगळ्या जागी येतो. प्रत्येक पोझिशनला साइटची उंची आणि टिचक्या (साइटची चकती फिरवताना होणारी एकेक 'क्लिक') बदलाव्या लागतात आणि त्याची वही ठेवावी लागते. घड्याळ चालूच असतं.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) जागतिक विजेतेपद घेतलं. सुमा शिरूरने २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले. चाळीस छर्रे, चाळीसही दहा! पुढे पनवेलला त्यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. अंजली भागवत (तेव्हाच्या वेदपाठक) मुंबईच्या कीर्ती कॉलेजातून, एनसीसीतून रायफलपर्यंत आल्या, २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि २००२ मध्ये म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत दहा मीटरचा जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

यांपैकी कुणाच्याही रायफलवर दुर्बीण नव्हती.

बर्फावर स्की करत धावून मग गोळी मारायचा खेळ, बायथलॉन, त्यातही नाही. धापा टाकत ५० मीटरवरचं ४५ मिलिमीटरचं निशाण पाडायचं, पीपमधूनच. त्यांच्या साइटला झाकणं असतात, बर्फ शिरू नये म्हणून.

तुमचा राजा डोळा कोणता?

रायफल घेण्याआधी घरी करायची चाचणी. दोन्ही हात पुढे ताणा, तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, तिच्यातून समोरच्या देवळाचा कळस बघा. आता एक डोळा मिटा. कळस दिसतच राहिला तर उघडा डोळा राजा. गायब झाला तर मिटलेला. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा राजा असतो. काहींचा हात उजवा आणि राजा डोळा डावा. हे आधी कळलं नाही तर पोर सहा महिने साइटला दोष देत बसतं.

आणि एक डोळा घट्ट मिटू नका. मिटलेल्या पापणीचा ताण दुसऱ्या डोळ्यावर येतो. दुसरा उघडाच ठेवून त्याच्यासमोर पांढरा पुठ्ठा लावतात. स्पर्धेत त्याची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

यात्रेतली बंदूक

करंज्याच्या सोमेश्वराला श्रावणात गर्दी होते. यात्रा म्हटली की फुगे फोडायचा स्टॉल आलाच. लहानपणी अशाच एका यात्रेत माझे दहाच्या दहा छर्रे फुग्यांच्या डावीकडे गेले. हिरमुसलो. शेजारच्या मोठ्या माणसाने बंदूक घेतली, पहिला छर्रा मारला, कुठे लागला ते पाहिलं आणि पुढचे सगळे मुद्दाम उजवीकडे धरून मारले. फुगे फटाफट फुटले! त्याने मला एका वाक्यात सांगितलं, "बंदूक एकाच जागी मारत असंल तर ती खोटी नाही, नुसती जुळवायची ऱ्हायलीय."

साइट जुळवण्याचं सगळं शास्त्र त्या वाक्यात आहे. आधी पाच छर्रे एकाच ठिकाणी नेम धरून मारा. ते कुठे लागले यापेक्षा किती जवळजवळ लागले ते बघा. पुंजका घट्ट असेल तरच साइटला हात लावा. एका छऱ्यावर साइट फिरवणारा माणूस दिवसभर फिरवतच राहतो. नियम सोपा. मागची साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडे सरकवा. माशी सरकवायची असेल तर उलट दिशेला.

इथे एक फसवी जागा आहे. स्पर्धेच्या बऱ्याच पीप साइट जर्मन. वाल्थर आणि आनशुट्झ या दोन्ही कंपन्या तर उल्म या एकाच गावच्या. साइटच्या चकतीवर 'एच' आणि 'टी' अशी अक्षरं असतात. टी म्हणजे 'टॉप' समजून फिरवलं की छर्रा भलतीकडेच जाऊ शकतो. जर्मनमध्ये एच म्हणजे होख, वर. टी म्हणजे टीफ, खाली. आणि बाण बऱ्याचदा 'छर्रा इकडे लागत असेल तर असं फिरवा' या अर्थाचा असतो. नवी साइट आली की पहिल्या दिवशी दहा टिचक्या देऊन छर्रा कुठे सरकतो ते स्वतः पाहा आणि वहीत लिहा.

जुळलेली साइट जुळलेलीच राहील असंही नाही. २००८ ला बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधी अभिनव बिंद्राने चाचणीचा छर्रा मारला आणि तो चारात लागला. साइट हललेली होती, असं त्याने नंतर सांगितलं. चाचणीच्या मोजक्या मिनिटांत त्याने टिचक्या मोजून ती परत जुळवली आणि शेवटचा छर्रा १०.८. एकूण ७००.५, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. त्या काही मिनिटांत कामाला आली ती त्या साइटशी असलेली वर्षानुवर्षांची ओळख.

पंचांगातली कला, दुर्बिणीतली टिचकी

दुर्बिणीकडे वळू, कारण कधी ना कधी ती घ्यावीशी वाटणारच आणि त्यात वावगं काहीच नाही.

दुर्बिणीच्या खोक्यावर 'मिनिट ऑफ अँगल' असं लिहिलेलं असतं आणि माणूस बिचकतो. बिचकायचं कारण नाही. आपल्या पंचांगात ही गोष्ट केव्हापासून आहे. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. मिनिट ऑफ अँगल म्हणजे एक कला. शंभर मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, दहा मीटरवर २.९. दुर्बिणीच्या एका टिचकीला साधारण पाव कला सरकते, म्हणजे दहा मीटरवर पाऊण मिलिमीटर. सुरुवातीचा तो अर्ध्या मिलिमीटरचा दहा? दहा विकला!

आता खोक्यावरचे आकडे. ४×३२ म्हणजे चौपट मोठं दिसतं आणि पुढची काच ३२ मिलिमीटरची. ३२ भागिले ४, आठ. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्याशी येतो. माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, भर उन्हात दोनवर येते. म्हणून ४×३२ संध्याकाळीही उजळ दिसते आणि डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र हरवत नाही. ३-९×४० नऊवर नेली की झोत ४.४ चा. बत्तीस पटीची स्वस्त दुर्बीण तर पहिल्या रायफलवर नकोच. चित्र मोठं होतं, तसा हाताचा थरकापही तेवढाच मोठा दिसतो. दुर्बीण हात स्थिर करत नाही.

दोन गोष्टी मात्र विकत घेताना विचाराच.

एक, जवळचं दिसतं का? बऱ्याचशा रायफल-दुर्बिणी शंभर यार्डांच्या हिशोबाने जुळवलेल्या असतात. अंगणात दहा मीटरवर त्यांतून निशाण धुरकट दिसतं आणि डोळा जरा हलला की दुर्बिणीतली फुली निशाणावरून सरकते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. एसटीच्या खिडकीतून जवळची बाभळ मागे पळते आणि लांबचा डोंगर सोबत येतो, तीच गोष्ट. म्हणून पुढची काच फिरवून अंतर जुळवता येणारी, दहा मीटरपर्यंत उतरणारी दुर्बीण बघा.

दोन, स्प्रिंगच्या रायफलला टिकेल का? ही फार मोलाची गोष्ट आहे. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर रायफलला दुहेरी धक्का असतो. आधी मागे, मग पिस्टन टोकाला आदळला की पुढे. मोठ्या बंदुकीची दुर्बीण फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेली असते. ती हत्तीच्या बंदुकीवर टिकेल आणि पोराच्या एअर रायफलवर सैल होईल. दुकानात "एअरगनची, स्प्रिंगची" असं स्पष्ट सांगून घ्या.

आणि हे गंमत म्हणून लक्षात ठेवा. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते, त्यामुळे छऱ्याची वाट आणि नजरेची वाट दोनदा एकमेकींना छेदतात. वीस मीटरवर जुळवलेली रायफल तीन मीटरवरच्या निशाणाच्या चांगलं खाली मारते. बिघाड काही नसतो.

मुंबई लष्करातला कर्नल, पुण्यातली दुर्बीण

रायफलवर दुर्बीण बसवण्याच्या सुरुवातीच्या खटपटींत एक नाव ठळक आहे, लेफ्टनंट कर्नल डेव्हिड डेव्हिडसन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. त्याची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलच्या डाव्या बाजूला बसायची, वर नाही, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात ती वापरली गेली.

लाल ठिपक्याच्या साइटची मुळं तर थेट पुण्याशी सलगी करतात. आज रेड डॉट म्हणून मिळते त्या साइटमध्ये काचेवर एक उजळ ठिपका दिसतो. डोळा थोडा हलला तरी ठिपका निशाणावरच राहतो. या कल्पनेचा पाया १९०० मध्ये घातला आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी. त्यांचा मूळ धंदा आकाश बघायच्या दुर्बिणींचा. आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत दुर्बीण होती ती या ग्रबांचीच! भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आलेली. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकॅनालला गेलं.

हेच नायगामवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला कुठे आले होते? जेऊरला. इंदापूरहून भीमा ओलांडली की करमाळा तालुका, तिथलं हे जेऊर. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही दुर्बिणी घेऊन त्याच गावात उतरली होती. त्या दिवशी तिथल्या लिंबांखाली किती कवडसे चंद्रकोरी झाले असतील!

फळीवरची साइट

आणखी एक साइट आपल्या पंचक्रोशीने शतकभराहून जास्त काळ पाहिली आहे. मोजणीवाल्याच्या प्लेन टेबलावरची. एका टोकाला उभी फट, दुसऱ्या टोकाला ताणलेला केस. फटीतून बघायचं, केस झेंडीवर आणायचा, रेघ ओढायची. मुंबई इलाख्यातली जमीन-मोजणीची नवी पद्धत १८३५-३६ मध्ये सुरू झाली ती इंदापूर तालुक्यापासून, इंग्रज अधिकारी गोल्डस्मिड यांच्या हाताखाली. बांधाचे नकाशे ज्यांनी काढले त्यांनाही शिस्त धरावीच लागली.

घ्यायची कशी, ठेवायची कशी

आता वडगावच्या वाचकाने हे नीट वाचावं अशी विनंती. ४.५ मिलिमीटर बोअरची, २० जूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दुकानदाराकडे द्यावा लागतो. त्यापुढची, आणि .२२ बोअरची खरी रायफल, परवान्याचीच. परवाना नाही म्हणजे खेळणं, असं कुणी समजू नये. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो. दहा मीटर जायला ०.०६ सेकंद. डोळ्याला लागला तर डोळा जातो, कायमचा.

निशाणामागे मातीचा उंच बांध हवा. दगडी भिंत नको, छर्रा उलटून येतो. उसाच्या फडाकडे तोंड करून कधीच नाही. फड बाहेरून रिकामा वाटतो, आत ऊसतोड चालू असते, पाचटात लेकरं झोपलेली असतात. आणि पक्ष्यांवर, मोरांवर, चिंकारांवर रोखायची तर कल्पनाही नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि आपल्या तालुक्यात सुप्याला चिंकारांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत ती जनावरं टिकून आहेत याचा मला फार अभिमान वाटतो.

जमलं तर रायफल विकत घेण्याआधी महिनाभर एखाद्या क्लबात जा. कॉलेजात असाल तर एनसीसीत जा. पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांपासूनची रेंज आहे. तिथे पोरांना नेऊन नुसतं बसवा. एक तास बघितलं तरी कळतं की नेमबाज किती वेळ चाप न ओढता उभा असतो.

खरेदीचा क्रम मी असा लावेन. आधी बसेल त्या मापाचा दस्ता. मग बरी पीप साइट आणि कड्यांचा संच. मग भरपूर छर्रे, एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले. एक जाडजूड वही. वर्षाने हात स्थिर झाला आणि तरी हौस उरली तर ४×३२ ची, स्प्रिंगला टिकणारी, जवळ जुळणारी दुर्बीण.

आणि दुर्बिणीची हौस आजच, या आठवड्यातच भागवायची असेल तर दोन्ही डोळ्यांची घ्या. ८×४२. आकड्यांचा हिशोब तोच, आठपट मोठं, ४२ भागिले ८, सव्वापाचचा झोत. हिवाळ्यात पहाटे भिगवणला उजनीच्या पाण्यावर जा. रोहित पक्षी माना बुडवून उभे असतात. आठपटीत त्यांच्या चोचीचं काळं टोकही दिसतं.